दुमडता फोन आणि अडीचशे नावे

अशदोदहून, लोदहून, क्वचित ठाण्याहून जे आप्तेष्ट आमच्याकडे बॉन मुक्कामी येतात, त्यांचे लक्ष ऱ्हाईन नदी आणि बेथोव्हेनचे जन्मघर यांच्याही आधी आमच्या टेबलावरील एका वस्तूकडे जाते. रुपेरी रंगाची, चपटी, मधोमध बिजागरी असलेली ती वस्तू पाहून कोणास चष्म्याचे घर आठवते, कोणास आजोबांची तपकिरीची डबी. तो आमचा भ्रमणध्वनी आहे हे कळल्यावर दोन प्रश्न ठरलेले असतात. "अजून चालतो?" हा पहिला. त्यास उत्तर सोपे आहे : चालतो, २००८ सालापासून चालतो. "पण का चालवता?" हा दुसरा, आणि त्याचे उत्तर चहाचा पेला संपेपर्यंत देऊन होत नाही. ते एकदा सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते.

आम्ही उभयता बॉनला आलो ते १९९७ साली, नोकरीच्या निमित्ताने. त्या वेळी हे गाव बोचकी बांधण्यात गुंतले होते. २० जून १९९१ रोजी येथेच भरलेल्या संसदेने ३३८ विरुद्ध ३२० मतांनी आपले बिऱ्हाड बर्लिनला हलविण्याचा ठराव केला होता, आणि १९९९ साली संसद प्रत्यक्ष गेली. देश बदललेल्या, घर मोडून नवे मांडलेल्या माणसांची आपल्या समाजात वाण नाही. परंतु राजधानीच उठून जाताना पाहण्याचा योग विरळा. गाव ओस पडेल अशी भाकिते ऐकू येत. तसे झाले नाही. काही मंत्रालये मागे राहिली, संयुक्त राष्ट्रांच्या कचेऱ्या आल्या, आणि जुन्या सरकारी डाक-तार खात्याच्या पोटी जन्मलेल्या डॉइचे पोस्ट व डॉइचे टेलिकॉम या दोन मोठ्या कंपन्यांनी आपली मुख्यालये बॉनमध्येच ठेवली.

दूरध्वनीच्या बाबतीत तर या लहानशा गावाचे ऋण आपणा सर्वांवर आहे, आणि ते फारसे कोणास ठाऊक नसते. १९ मे १९८७ रोजी फ्रान्स, ब्रिटन, इटली आणि तेव्हाचा पश्चिम जर्मनी या चार देशांच्या मंत्र्यांनी येथे एकत्र बसून एक घोषणा केली. युरोपभर भ्रमणध्वनीची एकच पद्धत असावी आणि ती कशी असावी, हे तीत ठरले. जी.एस.एम. म्हणून पुढे जगभर पसरलेली पद्धत ती हीच. त्याच्याही आधी, १९८५ साली, जर्मन डाक खात्यातील फ्रीडहेल्म हिलेब्रांड या अभियंत्याने बॉनमधील आपल्या घरी टंकयंत्रापुढे बसून मनात येतील ती वाक्ये आणि प्रश्न टंकले, आणि प्रत्येकातील अक्षरे, अंक, विरामचिन्हे, मोकळ्या जागा मोजल्या. बहुतेक मजकूर १६० अक्षरांच्या आत बसला. माणसास एका वेळी सांगावयाचे असते ते एवढ्यात मावते असे त्यांच्या मनाने घेतले, आणि लघुसंदेशाची मर्यादा १६० ठरली. हे गणित रोमन अक्षरांचे. आपल्या देवनागरीस त्याच संदेशात ७० चिन्हेच मिळतात, आणि काना, मात्रा, वेलांटी ही प्रत्येक स्वतंत्र मोजली जाते. आमच्या आईंच्या बोलण्यास ७० चिन्हांत बसविणे कोणाही अभियंत्यास साधले नसते, ही गोष्ट वेगळी.

या पद्धतीतील आणखी एक योजना आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक मोलाची. आपला क्रमांक यंत्रात राहत नाही. तो नखाएवढ्या एका कार्डात राहतो, ज्यास आपण सिमकार्ड म्हणतो. एका कंपनीचे यंत्र टाकून दुसऱ्या कंपनीचे घ्यावे, कार्ड काढून त्यात सरकवावे, आणि अशदोदच्या आईस काहीही न कळविता ती नेहमीच्याच क्रमांकावर आपणास गाठू शकते. घर बदलले तरी पत्ता तोच राहावा, असा हा चमत्कार. आपल्यांपैकी ज्यांनी मुंबई, मग नवागतांचे वसतिकेंद्र, मग दिमोना आणि मग अशदोद असे चार पत्ते चार वेळा साऱ्या नातलगांस कळविले, त्यांस त्याचे मोल सांगावयास नको.

आता कंपनी बदलण्याचे कारण. आमच्याकडे दोन नोकिया होते. यंत्राविषयी आमची तिळमात्र तक्रार नव्हती. ते पडत, पुन्हा जोडून चालू होत. बॅटरी आठवडाभर पुरे. बटणे एवढी ठसठशीत की अंधारात अंगठा आपण होऊन जागेवर जाई. ठाण्याच्या आमच्या काकांकडेही नोकियाच होता, बॅटरी लावलेला, आणि वीज गेली की ते त्याच्या उजेडात जिना उतरत.

१५ जानेवारी २००८ रोजी नोकियाने जाहीर केले की बोखुम येथील आपला कारखाना वर्षाच्या मध्यापर्यंत बंद होईल. बोखुम आमच्यापासून उत्तरेस सुमारे १०० किलोमीटर, आमच्याच राज्यात. कायम कामगार सुमारे २,३००; कंत्राटी त्यांहून निराळे. काम रुमानियातील क्लुज शहराजवळील जुकू या गावी जावयाचे होते. बोखुममधील मजुरीच्या खर्चात जागतिक बाजारात टिकाव धरणे शक्य नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. परंतु त्याच महिन्यात तिने २००७ चा नफा जाहीर केला, तो सात अब्ज युरोंहून अधिक. आणि या कारखान्यास पूर्वी राज्य व केंद्र सरकारांकडून मिळून सुमारे आठ कोटी ऐंशी लाख युरोंचे अनुदान मिळालेले होते. त्यामुळे जो क्षोभ उसळला तो आम्ही जर्मनीत एरवी पाहिलेला नाही. २२ जानेवारीस बोखुममध्ये सुमारे १५,००० लोक रस्त्यावर उतरले. पेटर श्ट्रुक आणि होर्स्ट झेहोफर यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आपण नोकिया फोन परत करणार असे जाहीर केले. त्यातला काही भाग पुढारीपणाचा असेल. पण आमच्या जिन्यातील शेजारणीचा भाऊ त्या कारखान्यात होता, आणि ती बाई एरवी हवामानापलीकडे बोलत नसे. त्या आठवड्यात ती आमच्या दारात अर्धा तास उभी राहून बोलली.

शिवाय ही गोष्ट एकट्या नोकियाची नव्हती. त्याच्या सव्वा वर्ष आधी, सप्टेंबर २००६ मध्ये, याच राज्यातील काम्प-लिंटफोर्ट गावचा भ्रमणध्वनीचा कारखाना बुडाला होता. तो मूळचा सीमेन्सचा. २००५ मध्ये सीमेन्सने आपला हा व्यवसाय तैवानच्या बेनक्यू कंपनीस दिला, आणि वर्षभरात त्या कंपनीने जर्मन शाखेचा पैसा थांबविला.

आमचे बालपण भायखळ्यास गेले. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईचा गिरणी संप सुरू झाला तेव्हा आम्ही शाळकरी होतो. आमच्या चाळीतील निम्म्या बिऱ्हाडांचे अन्न भोंग्यावर चाले. भोंगा बंद झाल्यावर काय होते ते आम्ही पाहिले होते. प्रथम वाण्याची वही लांबते, मग बायका शिवणकाम मागावयास येतात, मग एखादे बिऱ्हाड न सांगता गावी जाते. बोखुमच्या कामगारांस सरकारी भत्ता होता, कंपनीकडून भरपाईही मिळाली. गिरणगावाशी तुलना करणे अतिशयोक्तीचे होईल हे आम्ही जाणतो. तरीही शेजारणीचे बोलणे ऐकून झाल्यावर त्या रात्री आम्ही दोघांनी आपापला नोकिया टेबलावर ठेवला आणि ठरविले की दुसरा पाहावयाचा.

दुसरा कोणता, हे त्या काळी फॅशननेच ठरविलेले होते. २००४ साली मोटोरोलाने रेझर नावाचा फोन काढला होता. मिटला असता त्याची जाडी १३.९ मिलिमीटर, अंग अल्युमिनियमचे, आणि बटणे म्हणजे एका सबंध धातूच्या पत्र्यावर कोरलेल्या रेषा. तेरा कोटींहून अधिक रेझर जगात खपले. दुमडत्या फोनाची कल्पना त्याच कंपनीची, १९९६ च्या स्टारटॅकपासूनची. तुम्हां इस्राएलमधील वाचकांस तर मोटोरोला घरचेच नाव; १९८६ साली तादिरान कंपनीच्या भागीदारीत तिने काढलेल्या 'पेलेफोन' या कंपनीचे नाव तेथे भ्रमणध्वनीचेच नाव होऊन बसले. आमच्या आई कोणत्याही कंपनीच्या यंत्रास पेलेफोनच म्हणत.

रेझरच्या यशानंतर सर्व कंपन्या त्याच घाटाचे सडपातळ फोन काढू लागल्या. आम्ही घेतला तो त्यांतील एका कंपनीचा. तिचे नाव येथे देत नाही, कारण पुढे तक्रारींचा पाढा येणार आहे, आणि सतरा-अठरा वर्षे सेवा केलेल्या नोकराची उणीदुणी त्याच्या घराण्याचे नाव घेऊन काढू नयेत. दोन घेतले. दुसरा २०१४ साली बिजागरीपाशी गेला. पहिला राहिला, आणि तेव्हापासून तो आम्हां दोघांत सामाईक आहे.

खरे काम यंत्र आणल्यानंतर निघाले. जुन्या नोकियाच्या स्मृतीत ३१२ नावे होती. नव्या कंपनीची आणि जुन्या कंपनीची भाषा जुळेना. दोहोंस समजणारी जागा एकच, सिमकार्ड, आणि त्यावर जागा २५०. शिवाय नावास मोजकीच रोमन अक्षरे, आणि प्रत्येक नावास एकच क्रमांक. आपली आडनावे गावांवरून. पेणकर, रोहेकर, दिवेकर या नावांपुढे माणसाचे नाव आणि नाते लिहावयास गेले की शेवटचे 'कर' गळे, कधी सबंध गावच गळे. ते चालले असते. परंतु ६२ नावे वगळावयाची होती, आणि ती कोणती?

ते काम आम्ही स्वयंपाकघरातील टेबलाशी बसून तीन संध्याकाळी केले. एक जण जुना फोन हाती धरून नाव वाची, दुसरा 'हो' किंवा 'नाही' म्हणे. पहिली ४० सहज गेली : नळदुरुस्तीवाला, बंद पडलेली प्रवास कंपनी, कोणे एके काळची घरमालकीण, दंतवैद्य दोन. मग वेग मंदावला. ज्यांच्याशी कधीकाळी एकत्र काम केले आणि मग कधी बोलणे झाले नाही, असे लोक आले. त्यांतलेही काही गेले. आणि मग 'नाही' म्हणावयास सर्वांत सोपी, आणि म्हणता न येणारी, १९ नावे उरली. ती माणसे या जगात नव्हती.

येथे आम्हां उभयतांत मतभेद झाला, आणि तो केवळ त्या संध्याकाळपुरता राहिला नाही. एकाचे म्हणणे, मृतांच्या क्रमांकावर आता दुसरेच कोणी बोलत असेल. कार्डावरची जागा जिवंतांची आहे. रेवदंड्याच्या मोठ्या काकांचे घर विकले गेले, तेथील दूरध्वनी केव्हाच बंद झाला, मग त्या सहा आकड्यांस जागा कशाकरिता? दुसऱ्याचे म्हणणे, क्रमांक काढा, पण नाव कसे काढणार? यादी खाली सरकविताना ते नाव दोन जिवंत माणसांच्या मधे येते, क्षणभर दिसते आणि जाते. वर्षातून एकदा पुण्यतिथीस मेणबत्ती लावून होणारी आठवण आणि भाजीवाल्याचा क्रमांक शोधताना होणारी आठवण, या दोन वेगळ्या आहेत. तिसऱ्या संध्याकाळी एकोणीसही नावे कार्डावर गेली. त्यांच्याऐवजी जी गेली ती जिवंत माणसे होती. हे लिहिताना विचित्र वाटते, पण तसेच झाले. वगळलेली ६२ नावे आम्ही एका कागदावर उतरवून तो जुन्या पारपत्रांच्या पाकिटात ठेवला.

नव्या फोनाशी संसार सुरू झाला तो कुरकुरीनेच. सपाट बटणांवर अंगठ्यास काही लागेना, म्हणून पाचच्या आकड्यावर नेलपॉलिशचा एक थेंब वाळवून उंचवटा केला. तो आजही आहे. अंग सडपातळ, त्यामुळे बॅटरीही सडपातळ : आठवड्याची दोन दिवसांवर आली. चार्जर निराळा, म्हणून जुने चार्जर खणात. (सर्व कंपन्यांस एकच चार्जर असावा हा युरोपीय संघाचा नियम २८ डिसेंबर २०२४ पासून लागू झाला. आमच्या खणास तो फार उशिरा आला.) ठाण्याचा भाचा देवनागरीत संदेश पाठवी, आमच्या पडद्यावर ओळीने रिकामे चौकोन उमटत. चौकोनांच्या संख्येवरून मजकूर सुखाचा की दुःखाचा हे ओळखण्याचा आम्ही प्रयत्न करीत असू. अखेर त्यास रोमन लिपीतून मराठी लिहिण्यास सांगितले, आणि 'mi' म्हणजे मी की मि, असे प्रश्न सुरू झाले.

परंतु दुमडण्याचे एक सुख आम्हांस पहिल्या दिवसापासून लाभले. उघडला की बोलणे सुरू, मिटला की संपले. मिटलेला फोन खिशात आपण होऊन कोणास हाक मारीत नाही. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आधी तो बंद करून, मिटून कपाटात ठेवला की काम संपल्याची जी भावना येते, ती पडदा काळा झालेल्या पाटीने येत नाही. तुमच्याकडे 'काशेर' म्हणून जे साधे फोन विकले जातात त्यांतही दुमडते बरेच आहेत, ते उगाच नव्हे.

या मिटण्यानेच आईंशी मात्र वाद झाला. त्या अशदोदला एकट्या राहत. बोलणे झाले की "ठेवते हं" म्हणत, आणि ठेवीत नसत. मग एखादी राहिलेली गोष्ट निघे, मग पुन्हा "ठेवते". नोकियाच्या काळी बोलणे संपविण्याचे बटण निःशब्द होते. या फोनाचे मिटणे त्यांस तिकडे ऐकू जाई : टक्. तिसऱ्या की चौथ्या वेळी त्या म्हणाल्या, "दार लावल्यासारखा काय आवाज करता रे? मी अजून उंबऱ्यात उभी आहे." तेव्हापासून आमचा नेम झाला की फोन आईंनी ठेवावयाचा. आम्ही तो उघडाच कानाशी धरून बसू. पलीकडून रिसीव्हर जागेवर बसण्यास कधी दहा सेकंद लागत, कधी मिनिट. त्या मधल्या वेळात त्यांच्या खोलीतील पंखा ऐकू येई, त्या स्वतःशी काही बोलत ते ऐकू येई. एकदा त्यांनी कांद्यांचा हिशोब केला. २०१९ च्या हिवाळ्यापासून आईंचे नावही त्या १९ नावांच्या पंगतीस गेले. या वेळी ठेवावे की काढावे हा प्रश्न आम्हां दोघांपैकी कोणीच काढला नाही.

कंपनी बदलून काय साधले, असे पाहुणे विचारतात, आणि त्यांत तिरकसपणा असतो. हिशोब असा. जुकूचा कारखाना, ज्याकरिता बोखुमचा मोडला, तो २०११ च्या अखेरीस नोकियाने बंद केला; चार वर्षेही झाली नव्हती. तामिळनाडूतील श्रीपेरुंबुदूर येथे २००६ साली सुरू झालेला तिचा मोठा कारखाना १ नोव्हेंबर २०१४ पासून थांबला, आणि त्याच वर्षी तिचा भ्रमणध्वनीचा व्यवसाय मायक्रोसॉफ्टच्या हाती गेला. मोटोरोलाचे २०११ साली दोन तुकडे झाले. फोनांचा तुकडा २०१२ मध्ये गूगलने घेतला आणि २०१४ मध्ये चीनच्या लेनोव्होस विकला. बोखुमचे दैव तर असे की तेथील ओपेल मोटारींचा कारखानाही २०१४ च्या डिसेंबरात बंद झाला. नोकियाच्या माजी अभियंत्यांपैकी काहींस ब्लॅकबेरीच्या कंपनीने तेथेच काम दिले होते. ते केंद्रही २०१४ मध्ये फोल्क्सवागेनकडे गेले. आमच्या दोन फोनांनी यांतले काहीही घडविले नाही की थांबविले नाही. बड्या कंपन्यांस बुडविले ते २००७ नंतर आलेल्या काचेच्या पाट्यांनी, आमच्या रागाने नव्हे. पण शेजारीण जिन्यात भेटते तेव्हा तिच्यासमोर खिशातून काय काढावे याचा आम्हांस कधी विचार करावा लागला नाही. आमच्या मते एवढे पुरे आहे. ज्यांच्या मते नाही त्यांच्याशी वाद घालण्याची इच्छा नाही.

आता या फोनाची मुदत ठरली आहे. जर्मनीत मधल्या पिढीचे, म्हणजे तिसरे जाळे २०२१ साली बंद झाले. आमच्या फोनास त्याचा उपद्रव झाला नाही, कारण तो त्याहूनही जुन्या, १९९२ साली येथे सुरू झालेल्या दुसऱ्या जाळ्यावर चालतो. बॉनमध्ये ठरलेली पद्धत ती हीच. परंतु टेलिकॉमने, जिचे मुख्यालय आमच्या घरापासून ट्रामने काही थांब्यांवर आहे, ३० जून २०२८ रोजी आपले हे जाळे बंद करण्याचे जाहीर केले आहे. त्या दिवसानंतर आमच्या डबीत कार्ड राहील, नावे राहतील, पण ती कोणासही हाक मारू शकणार नाही.

म्हणून नव्या यंत्राची चौकशी करण्यास आम्ही गेल्या महिन्यात एका दुकानी गेलो. विक्रेता वीस-बावीस वर्षांचा. आमचा फोन त्याने हाती घेऊन तीन वेळा उघडला आणि मिटला; त्यास तो आवाज आवडला असावा. नावे नेता येतील काय, असे आम्ही विचारले. "किती आहेत?" त्याने विचारले. आम्ही अडीचशे म्हटल्यावर तो हसला; नव्या यंत्रात हजारो मावतात, कोणास वगळावे लागणार नाही, देवनागरीतही लिहिता येतील आणि आडनावेही पुरी बसतील, असे त्याने सांगितले. घरी येऊन आम्ही जुन्या पारपत्रांच्या पाकिटातून तो ६२ नावांचा कागद काढून ठेवला आहे. घडीवर तो थोडा फाटला आहे, पण वाचता येतो. नळदुरुस्तीवाल्याचे नाव त्यात पहिलेच आहे.